रिकामी दिसणारी डिस्क

आमच्या सांगवीच्या घरात एक नियम आहे. ज्या डिस्कवर पांढरी चिकटपट्टी लावलेली असेल ती कुणीही, कुठल्याही कारणाने, कुठल्याही संगणकाला जोडायची नाही. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. त्या डिस्कांवर आता लग्नकार्याचे फोटो आणि घराची कागदपत्रं यापलीकडे काही नसतं, तरी नियम कायम आहे. बायको म्हणते, "अहो, काढा आता त्या पट्ट्या. घर आहे हे, कंपनी नाही." मी हो म्हणतो आणि काढत नाही. घरी कुणी पाहुणा आला आणि त्याचा हात त्या डिस्कांच्या खणाकडे गेला की मी अजून जागचा उठतो.

चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी संगणक सांभाळायचो. हुद्दा इंग्रजीत होता आणि लांबलचक होता, पण गेटवरचा वॉचमन मला 'डबेवाले साहेब' म्हणायचा, आणि खरं तर तेच बरोबर होतं. नोकरीची निम्मी वर्षं मी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत डिस्का वाहिल्या. बाहेर न्यायची असेल तर गेटपास लागायचा. त्यावर वॉचमन लिहायचा, 'काळा डबा, एक नग, परत येणार.' त्या डब्यात अख्ख्या वर्षाचं काम असायचं. तो मात्र हलवून बघायचा, आत काही खुळखुळतंय का म्हणून.

हल्ली तारेतून सगळं जातं, मग डबे कशाला, असं कुणीही विचारेल. आमच्याकडे तीन प्रकारचे संगणक होते. मोजमापाच्या खोलीतलं यंत्र युनिक्स नावाच्या जुन्या परदेशी प्रणालीवर चालायचं. ऑफिसातला सर्व्हर लिनक्सवर. साठवणीचं यंत्र तिसऱ्याच जातीचं. मोजमापाच्या यंत्राला नेटवर्क जोडायला सक्त मनाई होती. ते इतकं म्हातारं होतं की बाहेरची हवा लागली असती तर गेलंच असतं. म्हणून तिथले अहवाल डिस्कवर घ्यायचे आणि चालत न्यायचे.

पण ते सोपं नसतं. ही तिन्ही यंत्रं एकाच कुळातली, बोलीही जवळपास एक, पण भाऊबंदांसारखी प्रत्येकाची चूल वेगळी. डिस्कवर फायली कशा मांडायच्या, कुठे काय ठेवलंय याची यादी कुठे लिहायची, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं. एकाने मांडलेली डिस्क दुसऱ्याला दिली की तो म्हणतो, यात काहीच नाही. मधला मार्ग म्हणून सगळ्यांना थोडीफार कळणारी एक साधी मांडणी असते, पेन ड्राइव्हवर असते ती. तिच्यात फाइल पोचते, पण वाटेत काही ना काही गळतं. फाइल कुणाची होती ते जातं. फार मोठी असेल तर मावतच नाही. भोसरीच्या एका पुरवठादाराने आम्हाला एकदा मराठी नावं दिलेल्या फायली पाठवल्या. आमच्याकडे पोचल्या तेव्हा प्रत्येकीचं नाव फक्त प्रश्नचिन्हं. तो फोनवर मला म्हणाला, "साहेब, मी नावं टाकलेली, तुम्ही प्रश्न का विचारताय?"

यावर माझ्याकडे एक उपाय होता आणि त्याचा मला अभिमान होता. डिस्कवर मांडणी करायचीच नाही. सगळ्या फायली एकामागोमाग ओवून त्यांची एक लांब माळ करायची आणि ती कोऱ्या डिस्कवर पहिल्या इंचापासून सरळ उतरवायची. माळेतल्या प्रत्येक फायलीच्या आधी एक चिठ्ठी असते: नाव काय, मालक कोण, शेवटचा हात कधी लागला. माळ ओवायची ही पद्धत सगळ्या भाऊबंदांना ठाऊक असते, त्यामुळे कुठेही नेली तरी उलगडते, आणि तारखा जशाच्या तशा राहतात. दर तीन महिन्यांनी मी मोजमापाच्या यंत्राची अशी माळ करून डिस्क कपाटात ठेवायचो.

यात एकच धोका. अशी डिस्क ज्याला माहीत नाही अशा संगणकाला जोडली तर तिच्यावर मांडणी नसल्यामुळे तो तिला कोरी समजतो आणि विचारतो, ही वापरण्यासाठी तयार करू का? माणसाचा हात 'हो' वरच जातो. म्हणून पांढरी पट्टी. पट्टीवर मी जाड पेनाने लिहायचो, 'रिकामी नाही.'

आता कांचनबद्दल सांगतो. कांचन गाडे चाकणजवळच्याच गावची. घरची शेती होती, अजून थोडी आहे. दीर कांदा लावतात, ही आणि नवरा दोघं कारखान्यांत. आमच्याकडे ती मोजमापाच्या खोलीत निरीक्षक होती. ती खोली कायम वीस अंशांवर ठेवलेली असते, कारण गरम झालं की लोखंड फुगतं आणि माप चुकतं. बाहेर वैशाखाचं ऊन असलं तरी कांचन आत मरून रंगाचा स्वेटर घालून बसलेली. ग्रॅनाइटच्या मोठ्या पाटावर भाग ठेवायचा, यंत्राची सुई त्याला ठिकठिकाणी स्पर्श करते, आणि प्रत्येक भोकाचं माप केसाच्या अंशापर्यंत निघतं. एका नगाला वीस मिनिटं. सात वर्षं ती कंत्राटावर होती, आणि त्या दिवाळीच्या आधी तिला कायम करायचं पत्र निघणार होतं. पत्र टाइप होऊन प्लँट हेड खर्डेकर साहेबांच्या खणात पडलंय, हे सगळ्या कँटीनला माहीत होतं.

दसरा झाला आणि पुढच्या सोमवारी गिऱ्हाईक कंपनीकडून तक्रार आली. स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा एक लोखंडी भाग आम्ही त्यांना द्यायचो. त्यातल्या काही नगांचं भोक मोठं निघालं होतं. असा भाग धावत्या गाडीत ढिला झाला तर काय होईल ते सांगायला नको. खर्डेकर साहेबांनी दुपारी बारा वाजता कांचनला फोन करून सांगितलं की त्या बॅचचे अहवाल काढून ठेव. ती म्हणाली, "हायत साहेब, सगळे हायत. चाळीस नग मोजल्यात मी, एक बी चुकलेला न्हाई."

मला या तक्रारीचा पत्ता नव्हता. मंगळवारी सकाळी मी माझ्या कामासाठी तिथे गेलो. जुन्या यंत्रात जागा संपत आली होती, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरचे अहवाल पेन ड्राइव्हवर घेतले, ऑफिसच्या सर्व्हरवर टाकले आणि जुन्या यंत्रावरून पुसून टाकले. पुसताना मनात धाकधूक नव्हती. सर्व्हरवर एक प्रत होती आणि कपाटात माळेची डिस्क होती.

बुधवारी गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर आले. सामंत नावाचे गृहस्थ, आवाज इतका मऊ की पुढे झुकून ऐकावं लागायचं. त्यांनी सर्व्हरवरच्या त्या चाळीस फायलींची यादी मागितली. मी छापून दिली. त्यांनी चष्मा वर केला, यादीवर बोट फिरवलं आणि कागद खर्डेकर साहेबांकडे सरकवला.

"अहवालाच्या आत तारीख ऑगस्टची आहे," सामंत म्हणाले. "पण ती तुमच्या निरीक्षक स्वतः टाइप करतात ना?"

"हो," खर्डेकर म्हणाले.

"संगणकाने नोंदवलेली तारीख बघा. सगळ्या फायली सोमवारच्या. दुपारी दोन वाजून सहा मिनिटं ते दोन वाजून नऊ. चाळीस नग तीन मिनिटांत मोजले?"

सोमवारी बाराला तिला तक्रार कळली होती. दोन वाजता खोलीत ती एकटी असते. तक्रार कळल्यावर तिने घाईघाईने खोटे अहवाल बनवले, असाच याचा अर्थ होत होता. खर्डेकर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय हो, तुमच्या कॉपीत तारखा बदलतात का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. आणि मी कॉपी मंगळवारी केली. हे सोमवारचं आहे."

हे वाक्य मी किती ठामपणे बोललो ते मला आजही आठवतं. त्या ठामपणाने कांचनचं काय होणार होतं ते मला त्या क्षणी सुचलंही नाही. खर्डेकरांनी सांगितलं की शुक्रवारी दुपारी सामंतांना अंतिम खुलासा द्यायचा, आणि तोवर कांचनने खोलीत जायचं नाही. ती बाहेर बाकावर बसली होती. स्वेटर मांडीवर घडी घालून ठेवलेला. मी समोरून गेलो तेव्हा ती उठून उभी राहिली. मी बसची वेळ झाल्यासारखं घड्याळ बघितलं आणि निघालो.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी वीज बंद असते, म्हणून कारखान्यांना सुट्टी असते. तो गुरुवार मी घरी काढला. दिवसभर मनात तेच. सात वर्षं ही बाई मी रोज बघत होतो. तिने एकदा एका नगासाठी पूर्ण पेटी परत मोजली होती, लाइन थांबली तरी. ती खोटं करेल? पण मग तारखा? तारखा खोटं बोलत नाहीत, असं मी माझ्या हाताखालच्या लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. कायम व्हायचं पत्र हातातोंडाशी आलेलं, माणूस घाबरतो, घाबरला की काहीही करतो, अशी मीच माझी समजूत घालत होतो. दुपारी तिचा फोन आला. नाव बघून मी उचलला नाही. तासाभराने परत आला. संध्याकाळी तिसऱ्यांदा आला तेव्हा बायको म्हणाली, "कुणाचाय? घ्या की." मी फोन उशीखाली सरकवला.

शुक्रवारी सकाळी कंपनीची बस मोशीच्या पुढे अडकली. कांद्याच्या ट्रकांची रांग चौकापर्यंत गेलेली. मी पोचलो, वीज आल्यावर मोजमापाचं यंत्र सुरू करायचं माझं नेहमीचं काम होतं, म्हणून त्या खोलीत गेलो. यंत्र कुरकुरत उठलं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसली आणि मी खुर्चीत बसलो.

यंत्र म्हणत होतं, आज गुरुवार.

त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी कधीची मेली होती. वीज गेली की त्याची वेळ तिथेच थांबायची आणि वीज आली की तिथून पुढे चालू व्हायची. दर गुरुवारी ते काही तास मागे पडत गेलं होतं. बॅटरी बदलायची म्हणून मी डायरीत लिहिलं होतं आणि दर आठवड्याला पुढच्या पानावर ढकललं होतं. म्हणूनच तर कांचन अहवालात तारीख हाताने टाकायची! मी मंगळवारी सकाळी कॉपी केली तेव्हा त्या यंत्राच्या मते सोमवार दुपार चालू होती. आणि पेन ड्राइव्हवर घेताना 'मूळ तारीख राख' असं त्याला वेगळं सांगावं लागतं. एरवी ते माझ्या तयार आज्ञेत असायचं; मंगळवारी मी घाईत हाताने आज्ञा दिली आणि तेवढं राहिलं. त्याने चाळीसही फायलींवर तेव्हाची वेळ ठोकली. तीन मिनिटं लागली होती ती मोजायला नाही, उतरवायला.

मूळ फायली मीच पुसल्या होत्या.

मी धावतच खर्डेकर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सामंत तिथेच बसले होते. मी सगळं सांगितलं, घड्याळ, बॅटरी, माझी चूक, काही लपवलं नाही. खर्डेकर लाल झाले. सामंत शांतपणे म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं असेलही. पण हे तुम्ही आज म्हणताय. बुधवारी तुम्हीच मला नाही म्हणालात. आता तुमच्या माणसाला वाचवायला म्हणत असाल, तर मी काय समजावं?"

"माझ्याकडे जुनी डिस्क आहे," मी म्हणालो. "घटस्थापनेच्या आधी केलेली. तिच्यात खऱ्या तारखा आहेत."

"मग आणा," सामंत म्हणाले. "चारला मी निघणार."

मी कपाट उघडलं. वरच्या खणात दोन डिस्का असायच्या, एक माळेची आणि एक खरोखर कोरी. एकच होती. तिच्यावर पट्टी नव्हती. खणाच्या तळाशी पांढरी चिकटपट्टी सुटून पडलेली, गुंडाळी झालेली, तिच्यावर माझ्याच अक्षरात 'रिकामी नाही'.

ती उरलेली डिस्क मी लिनक्सला लावली. खरोखरच कोरी होती.

कपाटाची दुसरी किल्ली टाइम ऑफिसच्या मोरे भाऊंकडे असायची. मोरे भाऊ मूळचे बीडकडचे, माणूस उमदा, आणि कंपनीत काही कार्यक्रम असला की फोटो काढायची भारी हौस. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन विचारलं.

"हाव, मीच नेली की," ते म्हणाले. "खंडेनवमीच्या पूजेचे फोटो टाकायला. तुम्हालाच फोन लावून इचारलं होतं साहेब, तुम्ही बसमध्ये होते. तुम्ही म्हणले, पट्टी असंल ती सोडा, दुसरी घ्या. पट्टी तर कुठल्याच डिस्कला नव्हती. मग मी एक लावून बघितली तर मशीन म्हणालं कोरी हाय, तयार करू का."

"मग?"

"मग काय, करा म्हणलं."

मोरे भाऊंनी खणातून डिस्क काढून माझ्या हातात दिली आणि माझा चेहरा बघून उभे राहिले. "काय झालं साहेब? माझं काय चुकलं का?"

"नाही भाऊ," मी म्हणालो. त्यांचं खरंच चुकलं नव्हतं. पट्टी सुटेल हा विचार मी करायला हवा होता.

डिस्क घेऊन मी मोजमापाच्या खोलीकडे निघालो. कांचन बाकावर होतीच, तिला सकाळीच खुलाशासाठी बोलावलं होतं. मी म्हणालो, "कांचन, चल आत." तिने विचारलं, "मला आत यायला बंदी हाय ना?" मी म्हणालो, "मी सांगतोय ना, चल." तिने स्वेटर घातला आणि माझ्या मागे आली. तारखांची चूक माझी आहे, एवढं तिला चालता चालता सांगितलं.

मी लिनक्सचा लॅपटॉप तिथेच मांडला. आधी डिस्कला धक्का न लावता तिची जशीच्या तशी प्रत काढली, कोऱ्या जागेसकट, इंच न् इंच. त्याला दोन तास लागले. त्या दोन तासांत आम्ही दोघांनी चहासुद्धा घेतला नाही. मी तिला समजावत होतो, खरं म्हणजे स्वतःला. संगणक डिस्क तयार करतो तेव्हा सगळं पुसत नाही. सुरुवातीला स्वतःची यादी लिहितो, बस्स. मग त्यावर मोरे भाऊंचे फोटो आले, तेही सुरुवातीपासून. माळेचं तोंड तर गेलंच. पण पुढची माळ अजून तिथे असू शकते.

"आन माजे अहवाल माळंत कुठं हायत?" तिने विचारलं.

"आधी भागांचे संगणकावरचे नमुने, मग यंत्राचे प्रोग्रॅम, मग अहवाल. बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली.

आधी फोटो उघडले. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेली प्रेसची यंत्रं, नारळ, खर्डेकर साहेब टोपीत, आणि मोजमापाच्या यंत्राशेजारी उभी कांचन. ग्रॅनाइटला हळदकुंकू लागू द्यायचं नाही म्हणून तिने फक्त कीबोर्डवर एक झेंडू ठेवला होता. फोटो किती जागा खाऊन बसले ते मोजलं. बरीच. मग मी माळ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला फोटोंच्या पुढच्या जागेपासून सुरुवात करायला सांगितलं. त्याने आधी तक्रार केली, हे माळेसारखं दिसत नाही म्हणून. मग म्हणाला, पुढची चिठ्ठी शोधतो. आणि गप्प झाला. पडद्यावर फक्त ठिपका लुकलुकत होता. तीन वाजत आले होते.

पहिलं नाव आलं ते एका प्रोग्रॅमचं. मग दुसरं. मग नावांची रांग धावायला लागली. नमुने गेले होते, पण ते आमच्याकडे दुसरीकडेही होते. प्रोग्रॅम संपले. अहवाल सुरू झाले. जून. जुलै. कांचनने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. ऑगस्ट. तिच्या भागाचा नंबर. एक, दोन, तीन, आणि प्रत्येकापुढे वेगळी तारीख, वेगळी वेळ, दोन अहवालांत वीस-बावीस मिनिटांचं अंतर, मध्ये जेवणाची सुट्टी. चाळीसच्या चाळीस.

"त्यो बारावा बघा," ती म्हणाली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "त्याला पन्नास मिनिटं लागली. सुई अडकलेली तवा. मला आठवतंय."

सामंतांना आम्ही तिथेच बोलावलं. ते बघत राहिले आणि मग त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले, "आणि ही माळ तुम्ही काल बसून केलेली नाही कशावरून?" मला हा प्रश्न अपेक्षित होता. मी म्हणालो, "साहेब, माळ पहिल्या इंचापासून उतरते. मी नंतर केली असती तर फोटो गेले असते. इथे फोटोंनी माळेचं तोंड खाल्लंय. भिंतीला नवा रंग दिला तर खालचा आधीचाच असतो. फोटो खंडेनवमीचे आहेत आणि दसऱ्यापासून नोटीस बोर्डावर लागलेत. डिस्क तेव्हापासून मोरे भाऊंच्या खणात होती, आणि तुमची तक्रार त्यानंतरची."

सामंतांनी मोरे भाऊंचे फोटो एकेक करून पाहिले. मग त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी खोडलं. नंतर, महिन्याभराने, दोष गिऱ्हाईक कंपनीच्याच लाइनवर निघाला. दुसऱ्या कुणाचे नग आमच्या पेटीत मिसळले होते. कांचनला मात्र त्याआधीच, दिवाळीच्या तोंडावर पत्र मिळालं. मोरे भाऊंना मी पेढे दिले, तर ते म्हणाले, "बघा, मी पुसलं म्हणून वाचलं." आणि ते खरंच होतं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी कांचन मला कँटीनच्या बाहेर भेटली. म्हणाली, "साहेब, गुरुवारी मी तीनदा फोन केला तुमास्नी."

मी म्हणालो, "अगं, गावाला गेलो होतो. रेंज नव्हती."

"असं व्हय," ती म्हणाली. तिने वाद घातला नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या हातातल्या डब्याकडे बघत होतो.

पुढच्या सोमवारी तिने एक जाड रजिस्टर आणलं, स्वतःच्या पैशाने. रकाने हाताने आखलेले: भागाचा नंबर, फाइलचं नाव, वेळ, मोजणाऱ्याची सही, बघणाऱ्याची सही, तारीख, शेरा. रोज शिफ्ट संपताना ती ते माझ्या टेबलावर ठेवायची. "सही करा साहेब." बॅटरी मी बदलली होती, आज्ञा दुरुस्त केली होती, कपाटाला नवं कुलूप लावलं होतं. तिला त्यातलं काही नको होतं, तिला माझी सही हवी होती. वागण्यात फरक नव्हता. संक्रांतीला तिळगूळ द्यायची, घरची कांद्याची पात आणायची. पण रजिस्टर रोज यायचं. दोन वर्षं मी रोज सही केली आणि रोज तो गुरुवार मला आठवला. हिशेब केला तर तिने मला एका शब्दानेही काही म्हटलं नाही, आणि तेच जास्त लागायचं.

माझा शेवटचा दिवस आला. हार झाले, भाषणं झाली, मोरे भाऊंनी फोटो काढले. शिफ्ट संपताना ती आली, रजिस्टर टेबलावर ठेवलं, तोच मरून स्वेटर अंगात. शेऱ्याचा रकाना दोन वर्षं कोरा होता. मी सही केली, आणि मग त्या रकान्यात लिहिलं, 'त्या गुरुवारी मी घरीच होतो. फोन वाजत होता. मला तुझी शंका आली होती.' रकाना लहान होता, अक्षरं शेजारच्या ओळीत गेली.

तिने रजिस्टर आपल्याकडे वळवून वाचलं. सावकाश वाचलं, ओळीवर बोट ठेवून, जशी मापं वाचायची तशी. मग ते परत माझ्याकडे सरकवलं.

"तारीख ऱ्हायली, साहेब."

"कुठली टाकू?" मी विचारलं.

"आजची," ती म्हणाली. "लिवलंय तर आज ना."